शिडाची जुनी बोट नव्या धक्क्यावर नेण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात भुसावळ, जळगाव आणि फैजपूर भागातल्या तीन निरनिराळ्या तरुणांनी मला एकच प्रश्न विचारला. हे तिघेही नोकरीनिमित्त मुंबई-पनवेलकडे राहतात, मित्रांबरोबर पैसे जमवून कोणीतरी वापरलेली शिडाची छोटी बोट विकत घेण्याच्या विचारात आहेत, आणि घेतलेली बोट मुंबईहून दुसऱ्या बंदरात किंवा खाडीत स्वतः चालवत नेता येईल का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. खान्देशातल्या मुलांना समुद्राची ओढ लागावी याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणे मला योग्य वाटले नाही, कारण हीच गोष्ट मी स्वतः एकदा चुकीच्या पद्धतीने केली आणि त्यात माझ्याबरोबर माझ्या भाच्याचाही जीव धोक्यात घातला. म्हणून आपल्या दैनिकातून जरा सविस्तर लिहीत आहे.

मी रेल्वेतून निवृत्त झालेला लोको पायलट आहे. आयुष्य भुसावळ-इगतपुरी, भुसावळ-बडनेरा आणि भुसावळ-खंडवा या सेक्शनांवर गेले. आमच्याकडे एक साधा आणि कडक नियम आहे. चालक कितीही जुना व अनुभवी असला तरी नव्या सेक्शनवर त्याला एकट्याच्या जबाबदारीवर गाडी दिली जात नाही; आधी तो त्या मार्गाच्या जाणकार चालकाबरोबर ठरलेल्या फेऱ्या करतो, त्यांत रात्रीची फेरीही असते, सिग्नल कुठे आहेत, चढ-उतार कुठे आहेत, गाडी कुठे रेटावी लागते आणि कुठे आवरावी लागते हे डोळ्यांनी पाहतो, आणि मार्ग समजल्याची सही केल्यावरच गाडी हातात घेतो. याला आम्ही ‘लर्निंग रोड’ म्हणतो. दुसरीकडे गाडीचीही परीक्षा होते. ब्रेक तपासल्याचे प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय गाडी यार्डातून हलत नाही. हौशी माणसाने घेतलेल्या जुन्या बोटीच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी त्याच्याकडून आग्रहाने करून घेणारे कोणी नसते. त्या त्याने स्वतःच स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात, एवढेच मला सांगायचे आहे.

आमची बोट २६ फुटांची, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडे आणि पोटात लहान डिझेल इंजिन असलेली. मी, भाचा आणि त्याचा एक मित्र अशा तिघांनी मिळून ती घेतली. आधीच्या मालकाने ती मुंबई बंदरात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरून ठेवलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधून ठेवली होती आणि दोन वर्षे फारशी हलवली नव्हती. आम्हाला ती रेवदंड्याच्या खाडीत न्यायची होती, कारण तिथे एका परिचितांच्या वाडीसमोरच्या धक्क्यावर जागा मिळाली होती. मरिना हा शब्द आता सगळेच वापरतात. परंतु लाटा अडवणारा बांध, पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते फलाट, वीज आणि गोडे पाणी अशी खरी मरिना कोचीच्या बोळगट्टी बेटावर आहे तशी आपल्या किनाऱ्यावर सहज मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान बोटी बोयाला, नांगरावर किंवा दगडी धक्क्याला बांधलेल्या असतात.

गेटवेपासून रेवदंड्याच्या खाडीच्या मुखापर्यंतचे अंतर सुमारे २५ सागरी मैल, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर आहे. रेल्वेने भुसावळहून जळगावला जाऊन परत येण्याइतकेच ते भरते. या तुलनेनेच माझा घात केला. ताशी चार सागरी मैलांच्या गतीने सहा-सात तासांचे काम, त्यात एवढा विचार काय करायचा, असे मी धरून चाललो.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. जुन्या जागेची मुदत ३१ तारखेला संपत होती, पावसाळा तोंडावर आला होता, नव्या जागेचे पैसे देऊन झाले होते आणि भाच्याची रजा दोनच दिवसांची होती. “मामा, आज निघालो नाही तर बोट चार महिने अडकेल,” असे तो म्हणाला आणि मलाही ते पटले. कागदपत्रे हातात पडेपर्यंत दुपार झाली. इंजिन जागेवरच पंधरा मिनिटे चालवून पाहिले, आवाज स्वच्छ होता, एवढ्यावर आम्ही बोया सोडला. दिवस पौर्णिमेच्या जवळचा, म्हणजे उधाणाचा. ओहोटीचे पाणी जोराने बंदराबाहेर धावत होते आणि नैऋत्येचा वारा नेमका त्याच्या तोंडावर येत होता. पाणी आणि वारा असे समोरासमोर आले की लाटा उंच होतातच, शिवाय त्या आखूड आणि उभ्या होतात. कुलाब्याचे टोक मागे पडल्यावर बोट त्यांवर आपटू लागली आणि तासाभरात इंजिन बंद पडले.

कारण अगदी साधे होते, आणि डिझेल इंजिनाजवळ काम केलेल्या माणसाला ते आधीच सुचायला हवे होते. बरेच दिवस न वापरलेल्या टाकीत हवेतल्या ओलाव्याचे पाणी साचते, डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि तळाशी काळा चिकट गाळ बसतो. बोट शांत पाण्यात उभी असते तोवर तो तळाशी राहतो. लाटांनी टाकी घुसळली की तोच गाळ नळीतून फिल्टरमध्ये जातो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. धक्क्यावर पंधरा मिनिटे चालवलेल्या इंजिनाची ही परीक्षा होतच नाही. जवळ दुसरा फिल्टर नव्हता. शीड उभारायला गेलो तर डोलकाठीच्या खाचेत सरकणाऱ्या गुंड्या खाऱ्या हवेने गंजून अडकल्या होत्या, आणि नांगर टाकायला गेलो तर पेटीतल्या साखळीचा गोळा झाला होता. तोपर्यंत आम्ही मोठ्या जहाजांच्या मार्गाकडे वाहत चाललो होतो. न्हावा-शेवाकडे जाणारे कंटेनर जहाज अरुंद, खोदलेल्या मार्गातून चालते. ते वळूही शकत नाही आणि थांबूही शकत नाही. तिथे शिडाच्या बोटीला अग्रहक्क नाही, तिनेच जहाजाच्या आड येता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रुळांवर अडकलेले वाहन मी इंजिनाच्या काचेतून पाहिलेले आहे. त्या दिवशी त्या वाहनात मी होतो.

एका मच्छीमार बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, आम्हाला पाहिले, दोर फेकला आणि ओढत परत आणले. त्यांनी डिझेलचे पैसे तेवढे घेतले. त्यांचा मी आजही ऋणी आहे.

त्यानंतर बोट पावसाळाभर किनाऱ्यावर चढवून ठेवली आणि जे आधी करायचे ते नंतर केले. टाकी पूर्ण रिकामी करून आतून पुसली, नळ्या बदलल्या, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला आणि जादा फिल्टर घेऊन ठेवले. बोटीच्या बुडाला समुद्राचे पाणी आत-बाहेर करणारी जी भोके असतात त्यांचे कॉक हाताने फिरतात का हे पाहिले. दोन अजिबात फिरत नव्हते, म्हणजे नळी फुटली असती तर पाणी बंद करण्याचा उपायच उरला नसता. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून जुन्या धोतराचा सुती तुकडा फिरवला. तुटलेला तंतू असेल तर त्यात अडकतो. एका तारेत तो अडकला. अशी तार वरून नवी दिसते आणि पहिल्याच जोराच्या वाऱ्यात डोलकाठी खाली आणते. ज्यांनी आताच बोट घेतली आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रंग, गाद्या आणि आतली सजावट यांवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी टाकी, कॉक, तारा, सुकाणू, नांगर आणि पाणी उपसण्याचा पंप या सहा ठिकाणी स्वतःचा हात घालून पाहावे, आणि जमल्यास खरेदीपूर्वीच जाणकार सर्वेक्षकाकडून बोट पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावी. बोटीची नोंदणी, मालकी हस्तांतराचे कागद आणि विमा हेही हलवण्याआधी आपल्या नावावर झालेले असावेत. २००८ सालच्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी.

मग माझा लर्निंग रोड सुरू झाला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने मी केवळ पाहण्यासाठी गेलो आणि आलो. रेवदंड्याच्या एका कोळी बंधूंच्या होडीतून खाडीबाहेर दोनदा गेलो, त्यांत एकदा रात्री. दिवसा ओळखीचा वाटणारा किनारा रात्री दिव्यांच्या ठिपक्यांचा एक गोंधळ होऊन बसतो, हे मला त्या रात्री कळले. त्याच रात्री डोलीच्या जाळ्यांचे खुंट आणि बोये किती जवळ येईपर्यंत दिसत नाहीत हेही कळले. पंख्यात जाळे अडकले तर आपली बोट तर थांबतेच, शिवाय कोणा गरिबाचे हजारो रुपयांचे नुकसान होते. सर्वांत अधिक मी शिकलो तो कोरलईच्या किल्ल्यावर. हा किल्ला कुंडलिकेच्या, म्हणजे रेवदंड्याच्या खाडीच्या, मुखाशी, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर आहे. ऐन ओहोटीला मी तिथे दोन तास बसून राहिलो. वाळूचे दांडे कुठे उघडे पडतात, लाट कुठे फुटते आणि खोल पाण्याचा गडद पट्टा कुठून आत वळतो, याचे चित्र वहीत काढून घेतले. कोणत्याही नकाशाने मला ते इतके स्पष्ट दाखवले नसते, कारण खाडीच्या तोंडची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते.

भरती-ओहोटीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपण तापीकाठची माणसे इथेच कमी पडतो. आपले पाणी एकाच दिशेने वाहते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते, तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, हा फरक निम्म्यावर येतो आणि प्रवाहही तितकाच मंदावतो. कोकणातली जुनी रीत अशी आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष निघताना त्या वर्षीचे छापील कोष्टकच पाहायला हवे. पण आपल्या घराघरांत भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवरून नवख्या माणसाला निघण्याचा दिवस ठरवता येतो, ही मला मोठी सोयीची गोष्ट वाटली. अष्टमीला सकाळी सहाला भरती पूर्ण झाली की ओहोटी तुम्हाला बंदराबाहेर नेते, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पाणी पुन्हा चढू लागते आणि रेवदंड्याला पोहोचेपर्यंत खाडीत चढते पाणी मिळते. चढत्या पाण्यात वाळूवर टेकलात तरी थोड्या वेळात पाणीच तुम्हाला उचलते. उतरत्या पाण्यात टेकलात तर सहा तास बोट कुशीवर पडून राहते, आणि बाहेरून लाटा येत असतील तर ती मोडते.

वाऱ्याचेही तसेच आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर ते अक्षरशः घड्याळ लावल्यासारखे चालतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, अकराच्या आसपास शांतता, आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा. दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीला दुपारचा हा वारा मागून मिळतो.

दिवाळीनंतर आम्ही मुंबई बंदरातच सहा-सात वेळा अर्ध्या अर्ध्या दिवसासाठी बोट बाहेर काढली. इंजिन मुद्दाम बंद करून केवळ शिडावर बोयापर्यंत परत येणे, वारा वाढण्याआधी शीड आखडणे, नांगर टाकून तो धरतो का हे किनाऱ्यावरच्या दोन खुणांवरून तपासणे, पाण्यात नारळ टाकून माणूस पडला आहे असे समजून तो परत उचलणे, हे सारे कंटाळा येईपर्यंत केले. नारळ उचलायला पहिल्या वेळी आम्हाला वीस मिनिटे लागली. तेव्हापासून आमच्या बोटीवर जीवरक्षक जॅकेट न घालता कोणीही बसत नाही, मग पाणी आरशासारखे का असेना.

शेवटी मार्गशीर्षातल्या अष्टमीला, उजाडता उजाडता, आम्ही निघालो. आमच्याबरोबर एक निवृत्त तांडेल होते. त्यांना दिवसाचा मोबदला दिला होता आणि जबाबदारी त्यांची, हात आमचे, असे ठरले होते. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना आदल्या रात्री आणि निघताना पाहिली. घरी एका कागदावर बोटीचे वर्णन, माणसांची नावे, मार्ग आणि पोहोचण्याची वेळ लिहून ठेवली. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ या क्रमांकावर कळवायचे, हे बहिणीला समजावून सांगितले. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ संकटाच्या हाकेसाठी असलेल्या चॅनेल १६ वर लावलेला होता, कारण किनारा सोडला की मोबाईलचा भरवसा धरता येत नाही. जहाजांचा मार्ग आम्ही काटकोनात, कमीत कमी वेळात ओलांडला. खांदेरीचे बेट डावीकडे लांब ठेवून पुढे गेलो. अकराला वारा पडला तेव्हा तासभर इंजिन चालवले आणि ते बंद पडले नाही.

दोनच्या सुमारास खाडीसमोर पोहोचलो. भाच्याला लगेच आत शिरायचे होते. तांडेल म्हणाले, “अजून पाणी येऊ द्या. बाहेर थांबण्यात काही जात नाही.” आम्ही शीड उतरवून तासभर बाहेरच थांबलो, वहीतले चित्र काढून समोरच्या पाण्याशी ताडून पाहिले, आणि मग आत गेलो. मे महिन्यात आमच्याकडे असा एक तास नव्हता, आणि समुद्रावर निघालेल्या माणसाकडे तो नसणे हीच त्या दिवसाची खरी चूक होती. जागेची मुदत संपत असेल तर एक महिन्याचे जादा भाडे भरावे, रजा संपत असेल तर बोट आहे तिथे सोडून रेल्वेने घरी यावे. परंतु तारखेसाठी बोट हलवू नये. पावसाळ्याच्या तोंडावर तर मुळीच हलवू नये.

धक्क्याला लागण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नवख्यांच्या बहुतेक बोटी समुद्रात नव्हे तर धक्क्यावर खराब होतात. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बंद टोकाच्या फलाटात गाडी घेताना चालक जसा सरपटत आत जातो, तसे आत जावे. दोर आणि फेंडर, म्हणजे बोटीची कूस घासू नये म्हणून लावायच्या मऊ गाद्या, खाडीत शिरण्याआधीच दोन्ही बाजूंना लावून ठेवावेत, आणि बोट थांबवण्यासाठी धक्का व बोट यांच्यामध्ये कोणीही हात किंवा पाय घालू नये. दगडी धक्क्यावर दोर लांब सोडून बांधावेत. भरतीला आखूड बांधलेली बोट ओहोटीला दोरांवर लटकते आणि कड्या उपटून निघतात; शेजारच्या एका बोटीचे असेच झालेले मी पाहिले आहे.

संपादक महोदय, ही सारी शिकवण मला साठीनंतर आणि समुद्रावर घ्यावी लागली, हे मला सर्वांत अधिक खटकते. शीड हाताळण्याचा श्रीगणेशा खाऱ्या पाण्यातच केला पाहिजे असे नाही. समुद्रापासून दूर असलेल्या हैदराबादच्या हुसेन सागरात आणि भोपाळच्या मोठ्या तलावात शिडाच्या बोटींचे प्रशिक्षण चालते. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड शिकतात. आपल्याकडे हतनूर आहे, वाघूर आहे, गिरणा आहे. हतनूरला हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि त्यांना त्रास होऊ नये, म्हणून तिथे त्या दिवसांत बोटी नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघूरचे पाणी जळगाव शहर पिते, म्हणून तिथे इंजिन नको. पण मुलांच्या ऑप्टिमिस्ट जातीच्या होडीला इंजिन नसतेच. ती आठ फुटांपेक्षाही लहान, एका शिडाची आणि एका मुलाला पुरणारी असते, आणि जगभर मुले तिच्यावरच पहिल्यांदा वारा ओळखायला शिकतात. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात २०१९ च्या मकरसंक्रांतीला नर्मदेत माणसांनी भरलेली नाव उलटून जीव गेले. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांतील माणसांसाठी होडी ही हौस नाही, रोजची वाट आहे. तिथल्या मुलांना तर जॅकेट, होडीचा तोल आणि वारा यांचे शिक्षण आमच्यासारख्या हौशी लोकांच्या आधी मिळायला हवे.

म्हणून जलसंपदा विभाग आणि जिल्हा क्रीडा कार्यालये यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की खान्देशातल्या एका तरी जलाशयावर, सुरक्षा बोट आणि प्रशिक्षित जीवरक्षक यांच्यासह, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात शिडाच्या लहान होड्यांचे प्रशिक्षण सुरू करण्याची शक्यता तपासावी. चार ऑप्टिमिस्ट होड्या आणि वीस जॅकेटे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मला विचारणाऱ्या तिन्ही तरुणांना मी सध्या एवढेच कळवले आहे की बोट घेतली असेल तर दिवाळीपर्यंत ती आहे तिथेच राहू द्या, पावसाळ्यात टाकी आणि तारा तपासा, आणि एखाद्या रविवारी माझ्याबरोबर कोरलईला या. ओहोटीच्या वेळा मी पाहून ठेवल्या आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ